कोंडाईच्या दातांचं कार्ड

उसाच्या मळ्यांत बुडालेलं एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा होता. तसे भोळे गावोगाव असतात. पण बाकीच्या भोळ्यांना एखादी गोष्ट दहादा सांगावी लागते. याला एकदा सांगितली की झालं. सांगितलेलं तो विसरत नसे, आणि त्यात स्वतःची अक्कल मिसळत नसे. त्याचं नाव सखाहरी. घरी सख्या म्हणत.

घरी म्हणजे त्याची आई, कोंडाई. तिसरं कोणी नव्हतंच. कोंडाई मोठी मानाची बाई. गावच्या मळजाई देवीच्या जत्रेत पहिला ऊस सोलायचा मान तिच्या घरचा, आणि तो सोलायचा दातांनी. कोयता लागला की ऊस बाटला, अशी रीत. साऱ्या गावासमोर मानकरणीने उसाचं टोक दातात धरायचं, सर्रकन साल ओढायची, की गुरवाने गुलाल उधळायचा. सासू गेल्यापासून कोंडाईच साल ओढत होती. पण ऊस दरवर्षी नवा यायचा आणि दात तेच जुने. एकेक करून सगळे गेले. शेवटचा एक चिकाटीने टिकून होता, तो गेल्या जत्रेत उसातच राहिला.

म्हणजे यंदा मान जाणार धाकट्या जावेकडे, भागीरथीकडे. भागीरथीचे दात शाबूत होते आणि ती ते सारखे दाखवायची. ओच्यात फुटाणे घेऊन कोंडाईच्या अंगणासमोर उभी राहायची. कडाम, कडाम. वर म्हणायची, "घ्या की जाऊबाई दोन फुटाणे. आगं बया, इसरलेच!"

कोंडाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला जेवायला दात नकोच होते. दुधात भाकरी कुस्करून ती मजेत होती. तिला दात हवे होते ते जत्रेच्या त्या एका सकाळपुरते, भागीच्या डोळ्यांदेखत.

अशात सरकारने म्हाताऱ्या माणसांना चष्मा, काठी, कवळी घ्यायला मदत द्यायचं ठरवलं. रोख द्यायची नाही. रोख दिली की ती पोराच्या मोटारसायकलच्या टाकीत जाते, हे सरकारला ठाऊक होतं. म्हणून कार्ड. आतमध्ये आधीच पैसे भरून ठेवलेलं. गावात दातांचं शिबिर झालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी कोंडाईच्या जबड्याचं माप घेतलं आणि सांगितलं, "कवळी करून ठेवतो. कार्ड आलं की माझ्या दवाखान्यातल्या मशीनवर चालवा आणि दात घेऊन जा."

कार्ड आलं ते जत्रा तोंडावर आली तेव्हा. कोंडाईचे गुडघे धरलेले. तालुक्याला सोडा, तिला वेशीपर्यंत जाववत नव्हतं. सगळं सख्यावर आलं.

सख्या ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवकांनी पाकिटातून कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. कार्डाच्या गुप्त नंबराची चिठ्ठी वेगळी दिली. म्हणाले, "सखाहरी, नीट ऐक. हे साधं कार्ड नाही. हे तुझ्या आईचे दातच आहेत असं समज."

सख्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"पार सपाट झाल्यात वो," तो म्हणाला.

"जपून ने."

सख्या बाहेर आला आणि विचारात पडला. दात जपून न्यायचे तर कुठे ठेवायचे? दातांची जागा एकच. त्याने कार्ड तोंडात धरलं आणि घरची वाट धरली. समोरून पाटलांनी रामराम केला. सख्या बोलला नाही. शाळेच्या बाईंनी हाक मारली. सख्याने नुसती मान हलवली. गोठ्याशी भागीरथी उभी होती. तिने विचारलं, "काय रं सख्या, त्वांडात काय धरलंयस?"

काकूने विचारलं आणि उत्तर दिलं नाही असं सख्याने कधी केलं नव्हतं.

"आईचं दात!" तो म्हणाला, आणि कार्ड पडलं ते थेट म्हशीच्या ताज्या शेणात.

कोंडाईने कार्ड राखेने घासलं, पदराने पुसलं आणि कपाळाला हात लावला. "आरं सख्या, काय म्हनावं तुला! आसली नाजूक वस्तू फडक्यात गुंडाळायची. डब्यात ठिवायची. झाकान गच्च लावायचं. आन डबा छातीशी धरून आनायचा."

"चुकलं, आई. फुडल्या येळंला तसंच करतो," सख्या म्हणाला. आणि सख्या शब्दाचा पक्का.

पुढली वेळ दुसऱ्याच दिवशी आली. जत्रेसाठी मामाच्या गावाहून कोंबडी आणायची होती. सख्या निघाला. मामाने चांगली तुर्रेबाज कोंबडी काढून दिली. सख्याने ती फडक्यात गुंडाळली. मामीकडून पिठाचा डबा मागून घेतला. कोंबडी आत ठेवली, झाकण गच्च लावलं आणि डबा छातीशी धरला. मामा म्हणाला, "सख्या, हे काय?" सख्या म्हणाला, "नाजूक वस्तू हाय."

वाटभर डबा छातीवर धडधडत होता. सख्याला वाटलं, आपलंच काळीज असेल.

घरी कोंडाईने झाकण उघडलं. पिठाचा एक ढग वर आला. त्यातून पांढरीफटक कोंबडी बाहेर पडली, दोन पावलं चालली, भिंतीवर जाऊन आदळली आणि तिथेच अंडं घालून बसली.

"आरं सख्या, काय म्हनावं तुला! जितंजागतं जितराब ते! त्येच्या पायाला दोरी बांधायची. आपन म्होरं चालायचं आन त्येला मागनं चालवायचं. आडलं तर 'चल गं बाई' म्हनून हळूच वढायचं."

"चुकलं, आई. फुडल्या येळंला तसंच करतो."

पुढली वेळ म्हणजे तालुक्याची फेरी. कोंडाईने चिठ्ठीतला नंबर त्याच्याकडून घोकून घेतला, कार्ड हातात दिलं आणि देवीला हात जोडले. सख्या वेशीबाहेर आला. खिशातून सुतळी काढली. कार्डाला पाय नव्हते म्हणून त्याने ती उभीआडवी बांधली, कार्ड रस्त्यावर सोडलं आणि पुढे चालू लागला. कार्ड मागून येऊ लागलं. खडीत अडलं. "चल गं बाई," सख्या म्हणाला. गाडीच्या चाकोरीत अडलं. "चल गं बाई." एक कुत्रं काही अंतर भुंकत आलं आणि लाजून परत गेलं.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने वाकून पाहिलं. "काय रं सख्या, मेली का काय तुजी?"

"न्हाई," सख्या म्हणाला. "दमलीया."

दवाखान्यात मशीनपाशी एक बाई बसत. डोळ्यांवर चष्मा, पुढ्यात चहा. त्यांनी सुतळीला बांधलेलं ते मातकट कार्ड पाहिलं, उचललं, नळाखाली धुतलं आणि कोरडं केलं. सरकारी वस्तू भक्कम असते. त्यावर नुसते ओरखडे होते.

"नंबर?" बाई म्हणाल्या आणि मशीन पुढे केलं.

सख्याने छाती फुगवली आणि शाळेत पाढा म्हणावा तसा नंबर म्हणून दाखवला. बाकावरचे पेशंट चपापले. आतल्या खुर्चीत एक गृहस्थ आ करून पडले होते, त्यांनीही मान वळवली.

"अहो, हळू!" बाई खुर्चीतून उठल्याच. "हा नंबर असा सांगायचा नसतो! तोंडावर हात आडवा धरायचा. चारी बाजूंना बघायचं. कोणी कितीही विचारलं तरी एक अक्षर बोलायचं नाही. सख्ख्या आईलासुद्धा सांगायचं नाही. कळलं?"

"चुकलं, बाई. फुडल्या येळंला तसंच करतो."

"आणि आज मशीनला रेंजच नाहीय. जत्रेच्या आदल्या दिवशी या."

सख्या हात हलवत परत आला. कोंडाईचा जीव थोडा थोडा होऊ लागला. पण जत्रा काही थांबणार नव्हती. तिने सख्याला सांगितलं, "जा, भावकीत जाऊन ये. जत्रंच्या जेवनाचं आवतन दे समद्यांस्नी."

सख्या निघाला. भावकीतलं पहिलं घर आलं. तो दारात उभा राहिला, तोंडावर हात आडवा धरला, चारी बाजूंना बघितलं आणि गप्प राहिला.

"काय झालं रं सख्या?"

सख्याने मान हलवली.

"आरं, बोल की! कोंडाई बरी हाय न्हवं?"

"सख्ख्या आईलासुदिक सांगायचं न्हाई," सख्या हळूच म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

असं त्याने एकूण एक घर केलं. भागीरथीच्या दारात तर तो जरा जास्तच वेळ गप्प उभा राहिला, कारण ती चुलती होती आणि तिला मान द्यायला हवा होता.

कोंडाई जात्याशी बसली होती. गल्लीच्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला. कोण गेलं म्हणून ती उठेपर्यंत सगळी भावकी अंगणात. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. पुरुषांनी टोप्या काढलेल्या. कोणीतरी येताना बांबूसुद्धा आणले होते. सगळ्यांच्या पुढे भागीरथी, मोठ्याने गळा काढून. "जाऊबाई गं! आसं कसं सोडून गेलीस! काळजी करू नगंस, तुजा मान म्या चालवीन गं!"

"भागे," कोंडाई म्हणाली, "म्या हितंच हाय."

भागीरथीचं रडं अर्ध्यात थांबलं. आता तिला खरंच रडायला येत होतं.

सगळे गेल्यावर कोंडाई सख्याकडे वळली. "आरं सख्या, काय म्हनावं तुला! दारात हुबं राहून दोनी हात जोडायचं. खड्या आवाजात सांगायचं, गल्लीला ऐकू गेलं पायजे. 'नक्की या, समदी या, लाजू नगा' आसं म्हनायचं."

"चुकलं, आई. फुडल्या येळंला तसंच करतो."

जत्रेच्या आदल्या दिवशी कोंडाईने कार्ड स्वतः फडक्यात गुंडाळलं, छोट्या डब्यात घातलं, झाकण गच्च लावलं आणि डबा सख्याच्या सदऱ्याच्या आत छातीशी बांधून दिला. "सख्या," ती म्हणाली, "लेकरा, उद्या सकाळी वाजाप सुरू व्हायच्या आत दात घिऊन ये. न्हाई तर भागी समद्या गावाम्होरं हसंल बग माज्यावर."

सख्याला आईचं ते बोलणं फार लागलं. या खेपेला एकही चूक करायची नाही असं त्याने ठरवलं. शिकवलेलं सगळं तो वाटभर पाठ करत गेला.

दवाखान्याच्या दारात तो उभा राहिला. दोन्ही हात जोडले. आणि गल्लीला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात त्याने नंबर सांगितला. "मंडळी, नक्की या! समदी या! दाबायला लाजू नगा!"

समोरचा सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला. बाकावरचे एक आजोबा भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "दे बाबा इकडं, मी दाबतो." सख्याने डबा उघडून कार्ड त्यांच्या हातात दिलं.

बाईंनी टेबलावरून झेप घेतली म्हटलं तरी चालेल. कार्ड हिसकावून त्यांनी सख्याच्या मुठीत कोंबलं. "दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही! कोणी कितीही जवळचा असो, कितीही हात पसरो, द्यायचं नाही! आपल्याच हाताने लावायचं. हळूच पुढे सरकवायचं. चिर्र आवाज होईपर्यंत थांबायचं. मग कागद निघतो, तो ओढून घ्यायचा. इतकं सोपं आहे!"

"चुकलं, बाई. फुडल्या येळंला तसंच करतो."

रेंज यायला दिवस मावळला. शेवटी मशीन चिर्र वाजलं, कागद निघाला आणि बाईंनी कवळी सख्यासमोर ठेवली. वरची आणि खालची. गुलाबी हिरड्या आणि पांढरेशुभ्र दात. सख्या बघतच राहिला. इतके दात आईला तरुणपणीही नव्हते.

"आता शेवटचं ऐका," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "काम झालं की ते दगडाने ठेचायचं आणि तुकडे करून टाकून द्यायचं. म्हणजे कोणाच्या हाती लागत नाही." त्या बोलत होत्या रिकाम्या झालेल्या कार्डाबद्दल. पण पुढ्यात दोन्ही वस्तू होत्या, आणि बाई तेवढ्यात चहाकडे वळल्या.

सख्याने विचार केला. काम अजून कुठे झालंय? काम उद्या. म्हणून त्याने काहीच ठेचलं नाही. कार्ड डब्यात ठेवलं, दात खिशात घातले. गावाकडची शेवटची एसटी गेली होती. तो रात्रभर स्टँडवर बसला आणि तांबडं फुटताना पायी निघाला.

इकडे मळजाईच्या देवळापुढे हलगी कडाडत होती. सगळं गाव गोळा झालं होतं. कोंडाई हिरवं लुगडं नेसून, तोंड गच्च मिटून पाटावर बसली होती. डोळे वाटेकडे लागले होते. शेजारी भागीरथी पदर खोचून उभी होती आणि वाटीतल्या पाण्याने चुळा भरत होती.

गुरवाने देवीपुढून ऊस उचलला. "मानकरीण, म्होरं या."

कोंडाई उठली. वाटेवर कोणीच नव्हतं. गुरवाने दुसऱ्यांदा पुकारलं. भागीरथीने एक पाऊल पुढे टाकलं. कोंडाईने डोळे मिटले.

"आई!"

धुळीने माखलेला सख्या धावत येत होता. कोंडाईच्या अंगात जणू देवीच संचारली. "सख्या! दे, दे हिकडं!" तिने हात पसरला.

सख्या तिच्यासमोर थांबला. त्याने मान हलवली.

"दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाई, आई. कितीबी जवळचा आसू दे. आपल्याच हातानं लावायचं."

"आरं मुडद्या, ते माजं दात हाईत!"

पण सख्या आज चुकणार नव्हता. त्याने ऊस हातात घेतला आणि देवळाच्या खांबाला टेकवून उभा केला. तोंडावर हात आडवा धरला. चारी बाजूंना बघितलं. मग खिशातून कवळी काढली, वरची एका हातात, खालची दुसऱ्या हातात. उसाचं टोक दोन्हींच्या मधे पकडलं आणि हळूच पुढे सरकवलं.

चिर्र झालं.

"आलं!" सख्या ओरडला, आणि उसाची साल वरपासून खालपर्यंत अशी सुरेख ओढून काढली की कोंडाईला भर तारुण्यातही तशी जमली नव्हती. ती त्याने गुरवाच्या हातात दिली. "ह्यो घ्या कागद."

हलगी थांबली. मग भागीरथी किंचाळली, "ह्ये चालायचं न्हाई! दात त्वांडात पायजेत!"

गुरव म्हातारा आणि रीतीला घट्ट. त्याने साल बघितली, ऊस बघितला. "ऊस कशानं सोलला?"

"दातांनी," लोक म्हणाले.

"कोयता लागला?"

"न्हाई."

"दात कुनाचं?"

"माजंच!" कोंडाई ओरडली. "सरकारनं दिल्यात!"

"मग झालं," गुरव म्हणाला. "मानकरनीच्या दातांनी सोलायचा, यवढीच रीत हाय. त्वांडाचं कुनी काय सांगितलं न्हाई." आणि त्याने गुलाल उधळला.

काय तो जल्लोष झाला! हलगी फुटेस्तोवर वाजली. बायकांनी कोंडाईला गराडा घातला, कुंकू लावलं, ओटी भरली. कोंडाई मोकळ्या तोंडाने हसत होती आणि डोळे पुसत होती. भागीरथीने ओच्यातले फुटाणे एका शेळीला घातले. आपल्या भोळ्या पोराची दृष्ट काढावी असं कोंडाईला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शेवटचा एक विधी राहिला होता. सोललेल्या उसाचं पहिलं कांडं मानकरणीने सगळ्यांदेखत चावायचं. गुरवाने कांडं मोडून कोंडाईच्या हातात दिलं. तिने सख्याला शोधलं. तो देवळामागून हात झटकत येत होता. देवळामागे नारळ फोडायचा दगड होता.

"सख्या, आन बाबा आता. माज्या त्वांडात बशीव."

"त्ये व्हय? त्ये ठेचलं की."

"काय ठेचलं?"

"काम झालं की ठेचायचं, आसं बाईंनी सांगितलंय. बारीक तुकडं केलं आन हिरीत टाकलं. आता न्हाई कुनाच्या हाती लागायचं."

कोंडाईच्या हातातलं कांडं गळून पडलं. तिचं तोंड उघडं पडलं ते मिटेना.

"आसं काय करतीस?" सख्या समजुतीने म्हणाला. "तुजं खरं दात म्या जपून ठिवल्यात. गिरामसेवकांनी दिल्यालं."

त्याने सदऱ्यातून डबा काढला. झाकण उघडलं. फडकं सोडलं. आईचं तोंड आयतंच उघडं होतं. त्याने कार्ड आपल्याच हाताने त्यात हळूच सरकवलं, हात आडवा धरला, चारी बाजूंना बघितलं आणि कागद निघायची वाट बघत उभा राहिला.

कागद काही निघाला नाही. कोंडाईने कार्ड थुंकलं, आणि त्यामागून जे निघालं ते देवीच्या दारात, लेकराबाळांसमोर, इतकं खणखणीत आजवर कोणी बोललं नव्हतं, बत्तीस दात असलेल्यांनीसुद्धा नाही.

सख्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खाली वाकून कार्ड उचललं, सदऱ्याला पुसलं आणि गुरवाकडे बघून म्हणाला, "नंबर चुकला जनू."